जड धातू पिकात उतरू नयेत म्हणून भूसुधारके कशी वापरावीत

जड धातू सेंद्रिय कचऱ्यासारखे कुजत नाहीत. एकदा मातीत आलेले कॅडमिअम किंवा शिसे तिथेच ठाण मांडते. भूसुधारक (चुना, कंपोस्ट यांसारखा मातीत मिसळायचा पदार्थ) त्याला बाहेर काढत नाही, फक्त मुळांना उचलता येणार नाही अशा रूपात अडकवून ठेवते. म्हणून ‘सगळ्यात चांगले सुधारक कोणते?’ असे विचारण्यात अर्थ नाही. आधी धातू कोणता ते कळले पाहिजे, कारण कॅडमिअमवर लागू पडणारा उपाय आर्सेनिकवर उलटू शकतो.

१. माती तपासून घ्या

शेतात नागमोडी चालत १०–१५ ठिकाणची, वरच्या १५ सेंमी थरातली माती घ्या. ती प्लॅस्टिकच्या बादलीत नीट मिसळा आणि त्यातली अर्धा किलो पाठवा. जस्ताचा मुलामा दिलेले किंवा गंजलेले घमेले वापरू नका, नाहीतर घमेल्यातला धातूच अहवालात दिसेल. नेहमीच्या परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश असते, जड धातू बहुधा नसतात. ते वेगळे सांगून तपासून घ्यावे लागतात. एकूण धातूसोबत ‘उपलब्ध’ (म्हणजे पिकाला उचलता येणारा) धातू, सामू (pH, मातीची आम्लता दाखवणारा आकडा; कमी सामू म्हणजे जास्त आम्ल) आणि सेंद्रिय कर्बही मागा. अहवाल हातात येईपर्यंत चुन्याचे पोते उघडू नका.

२. कॅडमिअम असेल तर

इथे सगळा खेळ सामूचा आहे. आम्ल जमिनीत कॅडमिअम पाण्यात सहज उतरते आणि पीक ते झटकन उचलते. सामू ६.५ ते ७ पर्यंत आणला की ते मातीच्या कणांना धरून राहते. त्यासाठी चुनखडीची बारीक भुकटी वापरा. कळीचा चुना दाहक असतो, हाताळायलाही धोक्याचा. मात्रा प्रयोगशाळेने काढलेल्या चुन्याच्या गरजेनुसारच ठरवा, कारण सामू सारखाच असला तरी भारी जमिनीला हलक्या जमिनीपेक्षा जास्त चुना लागतो. पेरणीच्या दोन-तीन महिने आधी, वाफसा असताना भुकटी सारखी पसरा आणि १५ सेंमीपर्यंत मिसळा. युरिया किंवा अमोनियायुक्त खत त्याच वेळी टाकू नका, नत्र वायू होऊन उडून जाईल.

जमीन मुळात चुनखडीयुक्त आणि सामू ८ च्या आसपास असेल, तर आणखी चुना घालणे म्हणजे पैसा वाया. उलट लोह आणि जस्त पिकाला मिळेनासे होते. अशा ठिकाणी जस्ताची कमतरता आहे का ते पाहा. असेल तर झिंक सल्फेट द्या. जस्त आणि कॅडमिअम मुळात शिरताना एकमेकांशी स्पर्धा करतात. पालाशासाठी म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, कारण म्युरेटमधल्या क्लोराइडमुळे कॅडमिअम मोकळे होते. काही स्फुरदयुक्त खतांत मुळातच कॅडमिअम असते, हेही ध्यानात ठेवा.

३. शिसे असेल तर

स्फुरदाशी संयोग होऊन शिशाचे जवळजवळ न विरघळणारे खनिज बनते, म्हणून इथे स्फुरद उपयोगी. पण शिसे मुळांतून फारसे वर चढत नाही. खरा धोका भाजीवर बसलेल्या धुळीचा. आच्छादन करा, भाज्या खळखळून धुवा, कंद सोलून घ्या.

४. आर्सेनिक असेल तर

चुना आणि स्फुरद दोन्ही जपून. सामू वाढला किंवा स्फुरद जास्त झाले तर मातीला धरलेले आर्सेनिक सुटू शकते. शिसे आणि आर्सेनिक दोन्ही निघाले, तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय स्फुरद वाढवू नका. लोहयुक्त सुधारके आर्सेनिक धरून ठेवतात. भातात सिलिकॉनयुक्त खताने त्याची उचल कमी होते. पाणी मधूनमधून आटू दिले तरी आर्सेनिक घटते, मात्र त्याच वेळी कॅडमिअम वाढते. दोन्ही धातू असलेल्या भातशेतीत हा पेच कठीणच.

५. कंपोस्ट आणि बायोचार

कॅडमिअम, शिसे असल्यास दोन्ही चालतात. बायोचार (कमी हवेत जैविक कचरा तापवून केलेला कोळसा) मातीच्या वजनाच्या १ टक्का धरला तर १५ सेंमी खोलीसाठी प्रति चौरस मीटर साधारण २ किलो लागतो. कंपोस्ट मात्र तपासलेलेच घ्या. शहरी कचऱ्याच्या किंवा सांडपाण्याच्या गाळाच्या खतातून नवे धातू येऊ शकतात.

६. पिकाची तपासणी

मातीचा सामू दरवर्षी पाहा. तो पुन्हा घसरला की अडकलेले कॅडमिअमही सुटते. काढणीच्या वेळी खाण्याचा भागही तपासून घ्या. कॅडमिअम मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर पालेभाज्या सोडून शेंगवर्गीय किंवा फळभाज्या लावून पाहा. तरीही आकडा खाली येत नसेल, तर त्या तुकड्यावर फुले किंवा धाग्याचे पीक घ्या.