मोबाईलसाठी हेडसेट घेताय? वायरवाला की ब्लूटूथ, हे असं ठरवा

दुकानात हेडसेट बघताना बहुतेक जण एक गाणं लावतात, बास चेक करतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. पण ज्यांचा हेडसेट दिवसभर कॉलवरच असतो, म्हणजे ऑफिसच्या मीटिंगा, मुलांचे ऑनलाइन क्लास, गिऱ्हाइकांचे फोन, रात्री गावाकडे आईशी अर्धा तास गप्पा, त्यांनी आधी माइक बघायला हवा. आपला आवाज समोरच्याला कसा जातोय ते आपल्याला ऐकूच येत नाही ना, म्हणून ते राहून जातं. माझं मत आधीच सांगते, कॉल जास्त असतील तर पहिला हेडसेट वायरवाला घ्या आणि ब्लूटूथ नंतर. का ते पुढे येईलच.

१. आधी फोन बघा

फोनला ३.५ एमएमचा गोल जॅक आहे का? असेल तर काम सोपं. २०१६ मध्ये आयफोन ७ ने तो काढला आणि मग हळूहळू बाकीच्यांनीही काढला, तरी स्वस्तातल्या बऱ्याच फोनना तो अजून असतो. जॅकवाला हेडसेट घेताना पिनवरच्या काळ्या रिंगा मोजा, तीन असतील तर माइक आहे, दोन असतील तर फक्त ऐकायचा. घरात जुना नोकियाच्या काळातला हेडसेट पडला असेल आणि नव्या फोनला लावल्यावर आवाज एकदम पोकळ, गायकाचा आवाज गायब असा येत असेल आणि बटण दाबून धरलं की नीट होत असेल, तर तो खराब नाहीये. त्याच्या पिनमधली माइक आणि ग्राउंडची जागा उलटी आहे, त्या फोनवर तो तसा चालणार नाही.

जॅक नसेल तर टाइप-सी, आणि इथे लोक फसतात. टाइप-सी ते ३.५ एमएमची छोटी वायर मिळते ती दोन प्रकारची असते. एकीत डॅक नावाची चिप असते जी फोनमधल्या डिजिटल डेटाचा आवाज बनवते, दुसरीत काहीच नसतं, नुसत्या तारा जोडलेल्या, आणि ती काही ठराविक फोनवरच चालते. पिक्सेल, सॅमसंगचे गॅलेक्सी एस सीरीजचे नवे फोन, आयफोन १५ आणि त्यापुढचे, यांना डॅकवालीच लागते. दुकानदाराला सरळ विचारा "डॅक आहे का", आणि त्याला सांगता आलं नाही तर आपला फोन लावून तिथेच बघा. ओप्पो, वनप्लससारख्या काही फोनवर लावूनही आवाज आला नाही तर सेटिंगमध्ये ओटीजी (टाइप-सीला बाहेरची वस्तू जोडायची सोय) चालू करून बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं.

२. मग कॉलचा विचार करा, इथे घाई नको

ब्लूटूथवर गाणं ऐकणं आणि कॉल करणं हे दोन वेगळे मोड आहेत. गाण्याच्या वेळी आवाज एकाच बाजूला जातो, फोनकडून कानाकडे, त्याला एटूडीपी म्हणतात आणि त्यात क्वालिटी चांगली मिळते. पण माइक चालू झाला की दोन्हीकडून आवाज न्यायचा असतो, मग हेडसेट एचएफपी मोडमध्ये जातो, आणि त्यात आवाजाचे सेकंदाला सहसा ८,००० नाहीतर १६,००० नमुनेच घेतले जातात, गाण्याच्या सीडीत ते ४४,१०० असतात. म्हणून मीटिंगमध्ये माइक ऑन केला की अचानक सगळं डब्यातून बोलल्यासारखं वाटायला लागतं. बड्स बिघडलेले नसतात. एलई ऑडिओ नावाच्या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत हे बरंच सुधारलंय, पण त्यासाठी फोन आणि हेडसेट दोन्हीत ते असावं लागतं.

दुसरं कारण अगदी साधं आहे, माइक कुठे आहे. वायरवाल्याचा माइक हनुवटीच्या आसपास लटकतो, बड्सचा कानापाशी असतो, म्हणजे तोंडापासून लांब, मग त्याला पंखा, रिक्षा, कुकरची शिट्टी सगळं ऐकू येतं आणि सॉफ्टवेअर ते कापत बसतं, त्यात आपले शब्दही कापले जातात. वायरवाल्यात त्रास एकच, माइक कॉलरवर घासला की समोरच्याच्या कानात खरखर होते, तेव्हा क्लिप लावा.

बॉक्सवर एएनसी आणि ईएनसी असे दोन शब्द असतात, ते एकच समजू नका. एएनसी म्हणजे *तुम्हाला* बाहेरचा गोंगाट कमी ऐकू येतो. ईएनसी म्हणजे *समोरच्याला* तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू येतो. कॉलवाल्यांना ईएनसी हवं, आणि एएनसीसाठी जास्तीचे पैसे मोजून "तरी पण लोक म्हणतात आवाज येत नाही" अशी तक्रार करणारे खूप भेटतात.

लॅपटॉपवर मीटिंग असेल तर एक सोपा उपाय आहे. मीटिंगच्या ॲपमध्ये स्पीकर म्हणून ब्लूटूथ ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा, म्हणजे हेडसेट चांगल्या मोडमध्येच राहतो.

३. टेस्ट कशी करायची

हेडसेट लावून घरच्या कुणालातरी खरा कॉल करा आणि त्यांना तो रेकॉर्ड करायला सांगा किंवा निदान नीट ऐकून सांगायला सांगा. एकदा शांत खोलीत, एकदा पंखा फुल करून, एकदा रस्त्यावर उभं राहून. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट करून बघू नका, ब्लूटूथ जोडलेलं असतानाही ती कधीकधी फोनच्याच माइकवरून रेकॉर्ड होते आणि आपल्याला उगाच वाटतं वा काय माइक आहे. ही टेस्ट रिटर्नची मुदत संपायच्या आत करा.

४. ब्लूटूथ कुठे खरंच लागतं

गर्दीच्या लोकलमध्ये वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकतेच, जिममध्ये, स्वयंपाक करताना, दोन्ही हात कामात असताना वायर नकोच. तिथे ब्लूटूथ घ्या, पण लोकलने जाणाऱ्यांनी बड्सऐवजी नेकबँडचा विचार करा, प्लॅटफॉर्म आणि गाडीच्या फटीत पडलेला बड परत मिळत नाही. घामासाठी निदान आयपीएक्स४ रेटिंग बघा, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारं. आवाज तुटत असेल तर फोन मागच्या खिशातून काढून पुढे घ्या, ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि आपल्या शरीरातलं पाणी ते सिग्नल शोषतं. घरी वायफायही २.४ वर असेल तर फोन ५ गिगाहर्ट्झवर टाका. गेम खेळणाऱ्यांना आवाज मागे पडलेला जाणवतो, त्यांच्यासाठी वायर बरी, नाहीतर गेम मोड असलेले बड्स.

वायरवाल्याचा अजून एक फायदा, फोनमध्ये एफएम रेडिओ असेल तर जॅकच्या हेडसेटची वायरच अँटेना होते, बहुतेक फोनवर ती लावल्याशिवाय रेडिओ लागतच नाही. आणि आजी-आजोबांना द्यायचा असेल तर डोळे झाकून वायरवाला द्या, चार्ज करा, पेअर करा, कुठला बड डावा, यातलं काहीच नाही, कॉल आला की एक बटण दाबायचं.

५. बॅटरी आणि कान

बड्सची बॅटरी एवढीशी असते आणि रोज चार्ज होते, त्यामुळे दोन-तीन वर्षांत ती कमी टिकायला लागते, आणि आत चिकटवलेली असल्यामुळे बहुतेक मॉडेलमध्ये बदलून मिळत नाही. महागडे बड्स घेताना हा हिशोब मनात धरा. वायरवाल्यात पिनपाशी वायर तुटते, म्हणून काढताना वायर ओढू नका, पिन धरून काढा.

आवाजाचं तर दोन्हीकडे सारखंच. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ठीक, पण ९० डेसिबल झाला तर आठवड्याला ४ तासच. मुलांसाठी मर्यादा अजून कमी, ७५ डेसिबल. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये तुमची पातळी दिसते, अँड्रॉइडवर आवाजाची लिमिट लावता येते का बघा, ते सेटिंग मुलांच्या फोनवर आजच लावून टाका. आणि गाडी चालवताना, रस्ता किंवा रूळ ओलांडताना दोन्ही कान मोकळे ठेवा, मग हेडसेट कुठलाही असो.