क्षयरोगाच्या औषधशोधात संगणकावर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी या कामाकडे वळलो. नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी सुरुवात ‘इनएचए’ या एन्झाइमपासून करायला सांगतो. क्षयाच्या जंतूच्या मेणचट पेशीभित्तिकेतली मायकोलिक आम्ले तयार होण्यासाठी ते लागते. आयसोनियाझिड हे क्षयावरचे औषध १९५२पासून वापरात असले, तरी त्याचे लक्ष्य इनएचए असल्याचे १९९४ साली पुढे आले आणि पुढच्याच वर्षी इनएचएची स्फटिकरचना, म्हणजे त्यातल्या अणूंच्या जागांचा त्रिमितीय नकाशा, प्रसिद्ध झाली. ती आज प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या ऑनलाइन संग्रहातून विनामूल्य घेता येते.

आयसोनियाझिडचा रेणू संगणकावर इनएचएच्या पोकळीत (रेणू जिथे चिकटतो त्या खाचेत) थेट बसवून पाहिल्यास फारसे काही हाती लागत नाही, कारण तो मूळ रूपात निष्क्रिय असतो. जंतूतलेच कॅटजी हे एन्झाइम त्याला सक्रिय करते, मग तो एनएडी या सहघटकाशी जोडला जातो आणि तो जोडरेणू इनएचएला अडवतो. म्हणूनच कॅटजीच्या जनुकात विशिष्ट बदल झालेले जंतू या औषधाला दाद देत नाहीत, आणि म्हणूनच कॅटजीवाचून काम करणाऱ्या रेणूंचा शोध मला इतका महत्त्वाचा वाटतो. असे बहुतेक रेणू एनएडीला लगटून बसतात. संगणकासाठी इनएचएच्या रचनेची फाइल तयार करताना पाण्याच्या रेणूंबरोबर एनएडीही काढून टाकला, तर पोकळीची एक भिंतच नाहीशी होते आणि रेणू किती घट्ट बसतो याचा अंदाज देणाऱ्या ऑटोडॉक व्हिना या प्रोग्रामचा गुणांक कितीही आकर्षक असला तरी त्याला अर्थ उरत नाही.

नवा रेणू तपासण्याआधी स्फटिकरचनेत पोकळीत आधीच बसलेला रेणू बाहेर काढून पुन्हा बसवावा. तो मूळ जागेपासून दोन अँगस्ट्रॉमच्या (अणूंमधली अंतरे मोजण्याचे एकक) आत आला, तरच पुढे जावे. पोकळीजवळचा लवचिक पट्टा रेणूनुसार आकार बदलतो, त्यामुळे एकाच रचनेवर विसंबू नये. लिनक्स आणि पायथन सरावाने जमतात. सेंद्रिय रसायनशास्त्र मात्र पक्के हवे, नाहीतर प्रयोगशाळेत बनवताच येणार नाहीत असे रेणू सुचवले जातात.

एन्झाइमला घट्ट चिकटणारा रेणू जंतूच्या भित्तिकेतून आत शिरेलच असे नाही. २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले बेडाक्विलिन हे क्षयाचे औषध संपूर्ण पेशींवरील चाचण्यांतून सापडले. त्याचे लक्ष्य नंतर उलगडले. त्यामुळे पीएच.डी.साठी मार्गदर्शक निवडताना, सुचवलेले रेणू कोण बनवणार आणि जिवंत जंतूंवर त्यांची चाचणी कोठे होणार, हे प्रवेश घेण्यापूर्वीच स्पष्ट विचारून घ्यावे.