जुना ट्रेलर देऊन मोटरहोम घेताना: आधी ‘वर किती?’ ते विचारा

अमेरिकेत काही वर्षं काढलेल्या आपल्या बऱ्याच कुटुंबांचा आरव्हीचा, म्हणजे फिरत्या घरगाडीचा, प्रवास साधारण सारखाच होतो. आधी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानासाठी भाड्याची गाडी, मग स्वतःचा छोटा ट्रॅव्हल ट्रेलर, आणि आई-बाबा भारतातून सहा-सहा महिने राहायला येऊ लागले की मोठ्या गाडीचे वेध. आमचंही तसंच झालं. आम्ही डॅलसजवळ राहतो. पिकअपमागे ओढायचा ट्रेलर देऊन आम्ही क्लास सी मोटरहोम (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली, स्वतःच्या इंजिनावर चालणारी घरगाडी) घेतलं. मंडळातली मंडळी तेव्हापासून फोन करून विचारतात की जुनीचं काय केलंत, कितीला गेली. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते आहे.

डीलरकडे गेलात की पहिला प्रश्न येतो, “तुमच्या ट्रेलरचे किती अपेक्षित आहेत?” याचं उत्तर देऊ नका. सराफाकडे जुने दागिने मोडून नवे घडवताना आपण सोन्याचा भाव, घट आणि मजुरी वेगवेगळी विचारतो, तसंच इथेही करायचं. नव्या गाडीची किंमत आधी ठरवा, तीही सगळ्या फी धरून, कागदावर. ट्रेलरसारख्या ओढायच्या गाड्यांवर छापील किमतीपेक्षा २०-३० टक्के कमी भाव मिळणं इथे सर्रास आहे. मोटरहोमवरही घासाघीस होतेच. ती सूट न देता तेवढेच पैसे जुन्या गाडीच्या भावात घालून दाखवणं डीलरला अगदी सोपं असतं, आणि घेणारा खूश होतो.

समजा, एक डीलर जुन्याचे २०,००० डॉलर देतो आणि नवी ९८,००० ला लावतो. दुसरा जुन्याचे १५,००० च देतो, पण नवी ९० हजारांना. पहिल्याकडे वर ७८ हजार द्यावे लागतात, दुसऱ्याकडे ७५ हजार. जुन्याचा भाव ५ हजारांनी कमी असूनही दुसराच सौदा चांगला. घरी येऊन नवरा-बायकोने फक्त हा वरचा आकडा समोर ठेवून बोलावं.

यात टॅक्सचाही भाग आहे. टेक्सासमध्ये आरव्हीवर ६.२५ टक्के विक्रीकर लागतो, आणि तो ट्रेड-इनची, म्हणजे डीलरला दिलेल्या जुन्या गाडीची, रक्कम वजा करून उरलेल्या किमतीवर. म्हणजे वरच्या उदाहरणात १५ हजारांच्या ट्रेड-इनमुळे सुमारे ९३८ डॉलर कर वाचतो. तोच ट्रेलर तुम्ही स्वतः बाहेर विकलात, तर ही सवलत जाते. त्यामुळे बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून १६ हजारांच्या आत मिळत असतील, तर डीलरलाच दिलेला बरा. १९-२० मिळत असतील, तर मेहनत घ्यावी. हा हिशोब राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात ही वजावट मिळतच नाही, तिथल्या मित्राचा सल्ला टेक्सासमध्ये जसाच्या तसा लागू पडणार नाही.

भावाबद्दल मन थोडं घट्ट करावं लागतं, विशेषतः कोविडच्या काळात घेतलेल्यांना. २०२१ मध्ये अमेरिकेत ६ लाखांवर आरव्ही कारखान्यांतून बाहेर पडल्या, तो विक्रम होता. २०२३ मध्ये हा आकडा सव्वातीन लाखांच्याही खाली आला. चढ्या भावाने घेतलेल्या त्या गाड्या आता जुन्या बाजारात आल्या आहेत, आणि तुमच्या ट्रेलरला त्यांच्याशीच टक्कर द्यायची आहे. जे. डी. पॉवरच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलचा भाव मिळतो, पण तो डीलरने गिऱ्हाइकाला विकण्याचा भाव आहे. डीलर तुम्हाला त्याहून बराच कमी देणार, कारण दुरुस्ती, सफाई आणि विकली जाईपर्यंतचं व्याज त्याच्या डोक्यावर असतं. आरव्ही ट्रेडर या जाहिरातींच्या संकेतस्थळावर लोकांनी मागितलेले आकडे दिसतात, मिळालेले नव्हे. तिथे एखादी जाहिरात महिनोन्महिने तशीच पडून असेल, तर तो भाव कुणाला मान्य नाही, एवढं समजून घ्यावं.

आता ज्यावर सगळा व्यवहार अडतो, ते पाणी. आरव्हीचं खरं दुखणं इंजिन नव्हे, छत. छतावर रबरासारखा पातळ थर असतो आणि व्हेंट, अँटेना, एसीच्या कडांना सीलंट भरलेलं असतं. उन्हाने ते तडकतं, पाणी आत झिरपतं, आणि बाहेरून काही न दिसता आतलं लाकूड कुजतं. भिंतीला फुगवटा आला की फायबरग्लास सुटलं असं समजतात आणि भाव हजारोंनी खाली येतो. पाहायला येणारा जाणकार माणूस आधी काय करतो, ते मी जवळून पाहिलं आहे. फ्रिज, टीव्ही काही बघत नाही. बाथरूमच्या कोपऱ्यात वाकतो, जमिनीवर टाच दाबतो, बिछान्यावरच्या कपाटाचं दार उघडून वरच्या कोपऱ्यात अंगठा रेटतो आणि मग ओलावा मोजायचं यंत्र भिंतीला लावतो.

आम्ही दर वसंतात छतावर चढून सीलंट तपासायचो, जिथे चीर दिसेल तिथे साफ करून नवं डायकॉर (छतासाठीचं सीलंट) भरायचो, आणि त्याचे तारखेसकट फोटो ठेवायचो. त्या फोटोंचे पैसे झाले. एका डीलरने फोनवर आणि ईमेलवर एक रक्कम कबूल केली होती. ट्रेलर घेऊन दारात गेलो, तेव्हा “छताची हालत बघता” म्हणून ती दोन हजारांनी कमी केली. नवी गाडी समोर उभी, मुलं आत जाऊन बसलेली, अशा वेळी माणूस हो म्हणतो, आणि त्यांना ते ठाऊक असतं. आम्ही फोटो आणि स्वतंत्र तपासनिसाचा ओलाव्याचा अहवाल पुढे ठेवला. तरी ते ऐकेनात, तेव्हा ट्रेलर परत जोडून निघालो आणि दुसऱ्याकडे सौदा केला. म्हणून जुनी गाडी आधी दाखवून भाव लेखी घ्या, तो किती दिवस चालेल तेही लिहून घ्या.

टायर बघितले जातातच. त्यावरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर पाच-सहा वर्षांनी बदलायचे असतात, मग नक्षी कितीही शाबूत दिसो.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते. फोडणीचा वास. एवढ्याशा जागेत लसूण-हिंगाची फोडणी पडद्यांत, गाद्यांत, एसीच्या फिल्टरमध्ये बसते. आपल्याला तो येत नाही, दार उघडणाऱ्याला पहिल्या श्वासात येतो. विकायच्या आधी महिनाभर आत स्वयंपाक बंद करा, गाद्यांच्या खोळी धुवा, फिल्टर आणि चुलीवरच्या पंख्याची जाळी बदला, ओट्यावरचे हळदीचे डाग काढा. सुवासिक फवारा मारू नका. त्याने घेणाऱ्याला ओल लपवल्याची शंका येते. प्रवासात आम्ही फोडणी बाहेर, ऑनिंगखाली (गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराखाली) छोट्या शेगडीवरच करायचो, आणि नव्या गाडीतही तोच नियम आहे.

स्वतः विकायची असेल, तर मार्च-एप्रिलमध्ये काढा. दिवाळीच्या सुमारास बाजार थंड असतो. कॅशिअर चेक बनावट असू शकतो, म्हणून व्यवहार घेणाऱ्याच्याच बँकेत करा आणि चेक तुमच्यासमोर निघू द्या. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून “उरलेले परत करा” म्हणणारा ठग असतो. लोन बाकी असेल, तर टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, बँकेचा बोजा असतो. पेऑफची, म्हणजे लोन पूर्ण फेडायला लागणारी, रक्कम आधी लेखी मागवा आणि शक्य असेल तर त्याच बँकेच्या शाखेत सौदा पुरा करा. टेक्सासमध्ये घेणाऱ्याबरोबर काउंटीच्या टॅक्स ऑफिसात जाऊन टायटल नावावर करून देणं सगळ्यांत सुरक्षित. शिवाय गाडी विकल्याची सूचना मोटार वाहन विभागाला ३० दिवसांत द्या.

मंडळातल्या ओळखीच्यांना विकायचा मोह होतो. विका, पण भाव बाजाराचाच ठेवा आणि दोष लिहून द्या. आपल्या माणसाला स्वस्तात दिलं आणि पहिल्याच पावसात छत गळलं, तर नातं बिघडतं.

कन्साइनमेंट हा तिसरा मार्ग. डीलर आपल्या आवारात ठेवून विकतो, कमिशन घेतो. विकली जाईपर्यंत गाडी तुमचीच, म्हणून विमा चालू ठेवा.

शेवटची कामं छोटी, पण पैशाची आहेत. जुन्या गाडीवर वाढीव वॉरंटी किंवा गॅप विमा (गाडी निकामी झाल्यास विम्याची रक्कम आणि बाकी लोन यातला फरक भरणारा) घेतला असेल, तर तो रद्द करून उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतात. मात्र मागितल्याशिवाय कुणी देत नाही. वजन विभागणारा हिच (ट्रेलर पिकअपला जोडायचा सांधा), सर्ज प्रोटेक्टर, चांगले होज यांचे डीलर वेगळे पैसे धरत नाही. मोटरहोमला तो हिच लागत नाही, तो वेगळा विका. बाकीचं नव्या गाडीत हलवा. कपाटांतली कागदपत्रं आणि गॅरेजचा रिमोट किल्ली देण्याआधी काढून घ्या.