सव्वा महिन्याची बाळंतीण: मनाची विचारपूस कशी करायची

खानदेशात पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे माहेरची आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जाते. सव्वा महिन्यानं लेक सासरी निघाली की साखळी तुटते; सासरच्या ताईची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्याची. उदासीचा आजार या मधल्या दिवसांतही बळावतो. पुष्कळदा तो गरोदरपणातच सुरू झालेला असतो. म्हणून पाठवणीआधी माहेरच्या ताईनं सासरच्या ताईला फोन करावा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड होणं नेहमीचंच. दहा-पंधरा दिवसांत ते ओसरतं. दोन आठवडे उलटूनही मन लागत नसेल, तर ‘अंगावर दूध आहे म्हणून अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका. रक्त आणि थायरॉईड मात्र तपासून घ्या, रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी असाच थकवा येतो.

सासूसमोर विचारलं तर ‘बरं शे’ एवढंच उत्तर येतं. बाळाचं वजन झालं की त्याला आजीच्या हाती देऊन ओट्यावर पाठवा आणि मग बोला. सुरुवात झोपेपासून करा: “बाळ झोपल्यावर तरी तुले झोप येस का?” बाळ झोपलेलं असूनही ती टक्क जागी राहत असेल, तर ही मोठी खूण. मग दोन प्रश्न विचारा. गेल्या पंधरा दिवसांत मन उदास राहिलं का? पूर्वी आवडायचं त्यातही जीव रमत नाही का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर उदासी मोजायची एडिनबर्गची दहा प्रश्नांची पट्टी भरा. ती गेल्या ७ दिवसांबद्दल असते, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण. बेरीज १३ किंवा जास्त आली की डॉक्टरकडे पाठवा.

दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथं शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी डॉक्टर. “जीव द्यावासा वाटतो का?” असं सरळ विचारा, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. तिला एकटं ठेवू नका. आणि कपाशीच्या फवारणीची बाटली पलंगाखाली किंवा कोठीत असेल, तर ती आजच घराबाहेर, कुलपात.

झोपच नाही, भलतेच आवाज ऐकू येतात, बाळावर संशय, असंबद्ध बडबड: हे बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत अचानक सुरू होतं. घरचे ‘बाहेरचं लागलं’ म्हणून भगताकडे नेतात. भगताशी वाद घालण्यात वेळ दवडू नका. अंगारा लावायचा तर लावा, पण १०८ आधी बोलवा. बाळ तिच्यापाशी एकटं ठेवू नका.

सौम्य आजारात घरच्या मदतीचा फार उपयोग होतो. रात्रीचं दूध पाजून झालं की बाळ नवऱ्याकडे किंवा आजीकडे द्या, म्हणजे तिला निदान चार तास सलग झोप मिळेल. रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावच्याच आरोग्यसेविकांनी घरी जाऊन ठरावीक पद्धतीनं बोलणं केलं. २००८ साली छापलेल्या त्या चाचणीत सहा महिन्यांनी उदासी उरलेल्या बाया २३ टक्के होत्या, नुसत्या नेहमीच्या भेटी झालेल्यांत ५३.

उदासीच्या गोळ्या सुरू असतील तर दूध तोडायची घाई नको. सर्ट्रालीनसारखी औषधं अंगावर पाजतानाही देता येतात. मनानं गोळी बंद करणं जास्त महागात पडतं. रात्री-बेरात्री विचारायचं असेल तर टेली मानस ही मनाच्या आजारांची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, मराठीत बोलतात.