शेजवान नूडल्सचा लगदा का होतो? या चुका टाळा

कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीसमोर उभं राहून कधी नीट बघितलंय? भली मोठी काळी कढई, खाली घुरघुरणारी भट्टी आणि त्या एवढ्या कढईत एका वेळी फार तर दोन प्लेटचा माल. घरी आपण नेमकं उलटं करतो. लहान कढई, बेताची आच आणि चार माणसांच्या नूडल्स एकदम. त्या सांडू नयेत म्हणून जपून हलवायच्या, रंग येईना म्हणून सॉस ओतत राहायचं. पाचव्या मिनिटाला उपमा तयार!

माझ्याकडे बरीच वर्षं हेच चालायचं. दर खेपेला मी सॉसची बाटली बदलायचे. बाटल्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. नूडल्स बिघडवत होतं ते पाणी. उकडताना कमी पडलेलं, निथळताना राहून गेलेलं आणि भाज्यांमधून कढईत सुटलेलं.

उकडण्यापासून सुरू करू. दीडशे ग्रॅमच्या हाक्का नूडल्सच्या पाकिटाला निदान दीड लिटर पाणी हवं. पातेलं लहान घेतलं की मैद्यातला स्टार्च उतरून पाण्याची पेज होते आणि तीच पेज नूडल्सना खळीसारखी चिकटते. पाणी खळखळल्याशिवाय नूडल्स सोडू नका. मीठ याच पाण्यात घाला, नंतर वरून घातलेलं आतपर्यंत पोचत नाही. पाण्यात तेल घालायची पद्धत आहे, पण ते वरच तरंगत राहतं. ते निथळल्यावर चोळण्यासाठी राखून ठेवा.

पाकिटावर पाच मिनिटं लिहिली असतील तर साडेतीन मिनिटांनी एक नूडल काढून नखाने तोडा. मधोमध सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद. राहिलेली कसर कढईत भरून निघते. पातेल्यातच पूर्ण शिजवलेली नूडल कढईत गेली की तुटणारच.

पुढची चूक चाळणीत होते. नूडल्स ओतल्या, गार पाण्याखाली धरल्या, इथवर सगळं बरोबर. गार पाण्याने शिजणं थांबतं आणि वरचा स्टार्चही धुऊन जातो. पण मग ती चाळणी तशीच सिंकमध्ये राहते, वरच्या सुकतात आणि खालच्या पाण्यात फुगत बसतात. त्यापेक्षा नीट निथळून परातीत पसरा, दोन चमचे तेल हलक्या हाताने चोळा आणि अर्धा तास पंख्याखाली ठेवून द्या. वेळ असेल तर आदल्या रात्रीच उकडून फ्रीजमध्ये ठेवा. फोडणीचा भात शिळ्या भाताचाच मोकळा होतो ना, तसंच.

मसाल्याची पुडी आत असलेल्या झटपट नूडल्स या कामाला घेऊ नका. त्या बहुतेक आधीच तळलेल्या असतात, गरम पाणी लागलं की लगेच मऊ पडतात. हाक्का नूडल्स वेगळ्या. हे नाव कोलकात्यात येऊन वसलेल्या हाक्का चिनी लोकांवरून पडलंय.

आता कढई. लोखंडी असेल तर उत्तम. नॉनस्टिक इथे चालत नाही, कारण कढई रिकामी, धूर निघेपर्यंत तापवायची असते आणि नॉनस्टिकचा थर त्यासाठी बनलेला नसतो. एका वेळी एकच पाकीट परता. चार माणसं असतील तर दोन घाणे काढा. कढई गच्च भरली की ती गार पडते, भाज्यांचं पाणी आटायच्या आत साचतं आणि परतण्याऐवजी सगळं वाफवलं जातं. कोबी, गाजर, सिमला मिरची आधीच चिरून, पुसून कोरडी ठेवा. परतताना त्यावर मीठ घालू नका, मिठाने पाणी सुटतं. मोठ्या आचेवर दोन मिनिटं पुरे, कोबी कचकचीत राहिला पाहिजे.

चटणीपाशी मात्र घाई नको. घरची शेजवान चटणी कडू झाली असं सांगणाऱ्यांना मी एकच विचारते, लसूण कधी घातला? तेल कडकडीत तापल्यावर घातला असेल तर उत्तर मिळालं. बारीक चिरलेला लसूण कोमट तेलात घालून मंद आचेवर ठेवायचा आणि बदामी व्हायच्या जरा आधीच वाटलेली मिरची घालायची. तेलात तो पुढेही रंग घेत राहतो. करपला तर अख्खं तेल फेका, साखरेने तो कडूपणा झाकला जात नाही.

मिरच्यांचं माझं माप दहा-बारा बेडगी आणि तीन-चार लवंगी. बेडगीने रंग येतो, लवंगीने जाळ. बिया झटकून अर्धा तास गरम पाण्यात भिजवायच्या आणि वाटताना त्यातलं अगदी चमचाभरच पाणी घ्यायचं. इथेही पाणीच नडतं: पातळ वाटण तेलात नुसतं उकळतं, परतलं जात नाही. तेल कडेने सुटेपर्यंत, म्हणजे चांगली दहा-बारा मिनिटं, हलवत राहा. पहिल्यांदा केली तेव्हा मी खिडकी उघडायला विसरले होते. बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा ठसका आणि पाठोपाठ हाक, "अगं, नूडल्स करतेस की कुणाची दृष्ट काढतेस?"

शेजवान हे नाव चीनमधल्या सिचुआन प्रांतावरून आलेलं असलं तरी तिथल्या माणसाला ही चटणी ओळखू येणार नाही. तिकडे जीभ बधिर करणारा एक मिरीसारखा मसाला हमखास असतो, आपल्याकडच्या चटणीत तो नसतोच. गंमत म्हणजे त्याचा जवळचा नातेवाईक कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडतो, आपलं तिरफळ. दोन्ही एकाच कुळातली. एकदा दोन तिरफळांच्या बिया काढून टरफलं भरडून चटणीत घातली होती. जिभेला मुंग्या आल्या, मुलांनी नाकं मुरडली, मला आवडली.

सोया सॉस पाकिटाला दोन चहाचे चमचे, बस्स. रंगासाठी ओतत गेलात तर खारट होतं, कारण त्यात मीठ भरपूर असतं. तो नूडल्सवर ओतण्याऐवजी कढईच्या तापलेल्या कडेला सोडा, चर्र आवाज येऊन चांगला वास सुटतो. व्हिनेगर एक चमचा, तोही गॅस बंद केल्यावर, नाहीतर आंबटपणा वाफेबरोबर उडून जातो.

एवढं करूनही बिघडलंच तर? खारट झाल्या असतील तर बटाट्याची फोड टाकून वाट बघू नका, थोड्या बिनमिठाच्या उकडलेल्या नूडल्स किंवा मूठभर कोबी मिसळा. फार तिखट झाल्या तर अंडं फोडून मोकळं परता आणि त्यात मिसळा. अंडं चालत नसेल तर पनीर. खाणाऱ्याला पाणी देऊ नका, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, दूध किंवा ताक द्या. गोळा झाला असेल तर झाऱ्याने ओढाताण नको, दोन चमचे गरम पाणी शिंपडून काट्याने सोडवा.

आणि पारच लगदा झाला असेल तर त्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर आणि पातीचा कांदा कालवा, तेल लावलेल्या तव्यावर थालीपीठासारखा थापा, झाकण न ठेवता दोन्ही बाजूंनी खरपूस होऊ द्या. आमच्याकडे मुलं आता मुद्दाम हेच मागतात.