जुन्या गाडीचा रंग घरी उजळवताय? आधी या चुका टाळा

रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला फोनवर फोटो येऊन पडला की तो उघडायच्या आधीच मला कळतं. बॉनेटची कड, तिच्यावर रुपयाएवढा राखाडी ठिपका आणि खाली लिहिलेलं, "दादा, हा डाग कशाने जाईल?" तो डाग नसतो, प्रायमर असतो, म्हणजे रंगाखालचं अस्तर. जायचं ते आधीच गेलेलं असतं.

मी डिटेलिंगवाला, म्हणजे गाड्या घासून-पॉलिश करून देण्याचा धंदा करणारा, नाही. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत जॉब, म्हणजे मशीनवर बनलेले भाग, तपासायचं काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या, भावकीच्या, शेजारपाजारच्या जुन्या गाड्या घासत बसतो. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या मी स्वतः केल्यात, म्हणून एवढ्या अधिकाराने बोलतोय.

मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हा आमचा रोजचा शब्द, तेव्हा आधी हिशेब. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन रंग असतो. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉनचा. डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे गाडीची सगळी चकाकी अर्ध्या केसाच्या जाडीत. पॉलिश करताना आपण त्यावर काही चढवत नाही, ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर उतरवतो. एका दणकट कटिंगला, म्हणजे जोरात घासून थर उतरवण्याला, दोन-चार मायक्रॉन सहज जातात. आणि गाडी जुनी असेल तर आधीच्या मालकाने आणि विकणाऱ्याने त्यातले किती खाल्लेत, हे काही आरसी बुकात लिहिलेलं नसतं.

ग्राइंडरला पॅड बसवणं

माझ्या आतेभावाने एप्रिलमध्ये लाल हॅचबॅक घेतली, अकरा वर्षांची. पत्रा सरळ होता, पण रंग मेलेला. उन्हात तिरकं बघितलं की बॉनेटभर बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं. मी म्हटलं, संध्याकाळी मशीन घेऊन येतो, तोवर नुसती धुऊन ठेव. संध्याकाळपर्यंत थांबला तर तो आमचा आतेभाऊ कसला! शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चार इंची ग्राइंडर आणला, त्यावर लोकरीचा पॅड चढवला आणि सिडकोच्या गल्लीत, बाराच्या उन्हात, बॉनेटवर रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासायची खरखरीत पेस्ट, ओतून सुरू झाला.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. रंगावर चालवायचं रोटरी पॉलिशर ६०० ते ३,००० मध्ये चालतं, आणि तेही सरावलेल्या हातात. ग्राइंडर लोखंड कापायला केलाय. तो एका जागी दोन सेकंद रेंगाळला तरी रंग तापून मऊ पडतो. त्यात एप्रिलचं ऊन, म्हणजे पत्रा आधीच हात लावू देत नव्हता. ओतलेलं कंपाउंड पसरायच्या आत सुकलं, आणि सुकलेलं कंपाउंड म्हणजे नुसती बारीक वाळू.

पहिली पाच मिनिटं झकास गेली. मधल्या सपाट भागावर आरसा दिसायला लागला, मला फोटोही आला, "बघ, कशाला हवंय तुझं मशीन!" मग गडी बॉनेटच्या उभारलेल्या रेघेवर गेला. कडेवर आणि उंचवट्यावर रंग मुळात पातळ असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच एका रेषेत येतो. पॅड लाल व्हायला लागला. त्याला वाटलं, मळ निघतोय. "जळका वास आला म्हणून थांबलो," असं तो नंतर म्हणाला. तोवर वीतभर लांबीचा राखाडी पट्टा उघडा पडला होता.

बॉनेट पुन्हा रंगवावं लागलं. शेड कोडवरून मिळवली, तरी अकरा वर्षं उन्हात विटलेल्या मडगार्डांपुढे नवा लाल जास्तच लाल दिसतो. तो म्हणतो, "उन्हातच कळतं रे." नाशकात राहून हे म्हणायला धाडस लागतं.

पॅडवर रंग येणं नेहमीच वाईट नसतं, हेही सांगून ठेवतो. काही जुन्या गाड्यांवर, विशेषतः साध्या पांढऱ्या-लाल रंगांत, क्लिअर कोट नसतोच, रंग आणि चमक एकाच थरात असते. तिथे पॅड पहिल्या फेरीपासून रंगणारच. म्हणून मी मशीन काढायच्या आधी डिकीच्या झाकणाच्या खालच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन हाताने घासून बघतो. फडक्यावर रंग आला तर एकच थर. नाही आला तर वर क्लिअर कोट आहे, आणि मग काम करताना पॅडवर रंग दिसला की त्याच क्षणी मशीन बंद. "अजून एकदा फिरवून बघतो" म्हणायचं नाही.

नवख्या माणसाने डीए (ड्युअल अॅक्शन) पॉलिशर वापरावं. ते गोल फिरता फिरता डगमगतं, जास्त दाबलं की फिरायचंच थांबतं, आणि हा त्याचा सगळ्यात मोठा गुण आहे. माझी सवय अशी: ऊन उतरल्यावर सुरुवात करायची, तळहाताची मागची बाजू पत्र्यावर ठेवायची, चटका लागला तर चहा प्यायला जायचं. सगळ्या कडा, उंचवटे आणि काळं प्लॅस्टिक यांना मास्किंग टेप. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, त्याहून जास्त नाही. आणि पहिला प्रयोग नेहमी सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिशने. पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं, पण लोकांना सुरुवातच कटिंग कंपाउंडने करायची असते. ताप आला की थेट सलाइन लावा म्हणणारी हीच माणसं.

कोरड्या फडक्याने पुसणं

यावर मी भांडायला तयार असतो. जे कोळ्याचं जाळं काढायला तुम्ही रविवार घालवता, ते पडतं कुठून? रोज सकाळच्या फडक्यातून. सोसायटीत एक जण एका बादलीत वीस गाड्या पुसतो. पहिल्या गाडीचा चिखल विसाव्या गाडीवर. त्याला दोष देत नाही, तासाभरात त्याला वीस गाड्या उरकायच्या असतात. मी आमच्याकडच्या काकांना सांगितलंय, काका, पैसे तेवढेच घ्या, पण फक्त काचा पुसा. पहिले दोन महिने त्यांना वाटत होतं, माझं डोकं फिरलंय.

माझंही फिरलेलं होतंच एके काळी. पिंपळगाव बसवंतकडे एका लग्नाला गेलो होतो. कार्यालयाबाहेर जागा नव्हती, म्हणून गाडी द्राक्षबागेच्या बांधाला लावली. जेवून आलो तर अख्ख्या गाडीवर फिकट निळसर ठिपक्यांची रांगोळी. बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू होता आणि वारा नेमका आमच्याकडे. बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. द्राक्षावर डाऊनी हा रोग येऊ नये म्हणून मारतात, आणि वेलाच्या पानाला घट्ट चिकटून राहणं हेच त्याचं काम. बॉनेटलाही ते तितक्याच निष्ठेने चिकटलं. मी काय केलं? खिशातला रुमाल काढला आणि खसाखसा घासला. ठिपके निम्मे गेले, आणि चुन्याच्या कणांनी जे ओरखडे काढले ते पुढच्या दिवाळीपर्यंत पुरले.

आता गाडीत पाण्याच्या दोन बाटल्या ठेवतो. असं काही पडलं की आधी भरपूर पाणी, हात अजिबात न लावता. घरी आल्यावर उरलेल्या डागांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मऊ कापडाने ओलं करून मिनिटभर ठेवायचं, लगेच धुवायचं. चुना आम्लात विरघळतो, त्याला जोर लागत नाही. बोअरच्या पाण्याने उन्हात गाडी धुतल्यावर जे पांढरे गोल राहतात, त्यांनाही, ताजे असतील तर, हाच उपाय. महिनोन् महिने राहिलेला गोल रंगात उतरतो, मग मात्र पॉलिशच. त्यापेक्षा धुतल्यावर पाणी अंगावर सुकू देऊ नका, एवढं सोपं आहे.

धुणं म्हणजे दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक नुसत्या पाण्याची. हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग शाम्पूत. छतापासून खाली. मायक्रोफायबर जमिनीवर पडला की त्या दिवसापुरता तो चाकांचा झाला. भांड्यांचं लिक्विड नको, आहे नाही ते वॅक्स उतरवतं.

बाकीच्या, थोडक्यात

धुतल्या धुतल्या पॉलिश करू नका. हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून फिरवा, खरखर लागली तर आधी क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा, तोही भरपूर शाम्पूच्या पाण्यावर. अंबड-सातपूरला कंपन्यांच्या भिंतीलगत गाडी उभी राहत असेल, तर ग्राइंडिंगची लोखंडी धूळ रंगात रुतलेली असते आणि पिशवीतून ती स्पष्ट कळते. क्लेचा गोळा खाली पडला तर फेकून द्या. हो, तीनशे रुपयांचा असला तरी.

नखाची परीक्षा करा. ओरखड्यावरून नख आडवं नेलं आणि अडकलं, तर तो पॉलिशने जाणार नाही. तो घालवायच्या हट्टात आजूबाजूचा चांगला रंग जातो. त्याला टचअप, किंवा डोळेझाक. मी बहुतेकदा डोळेझाक करतो.

छतावर क्लिअर कोटचे पापुद्रे सुटत असतील, तर पॉलिश, वॅक्स, कोटिंग यातलं काहीही लावू नका. तिथे घासायला काही उरलेलंच नाही. थेट पेंटरकडे.

टूथपेस्ट नको. रॉकेल, डिझेलचा हात नको. खोबरेल तेल तर अजिबातच नको, दोन दिवस गाडी काळीभोर दिसते आणि तिसऱ्या दिवशी मुंबई नाक्याची सगळी धूळ तिच्यावर बसलेली असते.

विकणाऱ्याकडे चकचकीत दिसलेली गाडी दोन धुण्यांत फिकी पडली म्हणून रडू नका. तेलकट पॉलिशने ओरखडे झाकलेले असतात, काढलेले नसतात. आपल्या कामातही हीच फसगत होते. म्हणून पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं मारून पुसा, मग टॉर्च तिरका धरून बघा. जे दिसेल ते खरं.

सिरॅमिक कोटिंगची घाई त्याच्यानंतर. ओरखड्यांवर कोटिंग म्हणजे ओरखडे काचेत मढवून ठेवणं.

गाडी घेतानाच पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांवर आणि मडगार्डांवर टेकवून बघा. कुठे धरत नसेल तर आत जाड पुट्टी आहे किंवा तो भाग प्लॅस्टिकचा आहे. पुट्टी असेल तर तिथला रंग बाहेरचा, आणि वर क्लिअर किती मारलाय ते देवालाच माहीत. तिथे मी मशीन लावत नाही, हाताने जेवढं होईल तेवढंच.

शेवटची चूक बोलायला नाजूक आहे. जुनी असली तरी गाडी आपल्याला नवीनच, म्हणून ती वणीला, सप्तशृंगीच्या दर्शनाला जाते. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, त्यावर हळद, पुढे झेंडूचा हार. हे सगळं महिनाभर उन्हात तसंच राहतं, कारण पुसायचं कसं? हाराची तार वाऱ्याने हलत ग्रिलजवळ रेघा पाडत असते, आणि कुंकू शेवटी गेलं तरी पांढऱ्या गाडीवर गुलाबी स्वस्तिक कायम. आमच्या आईशी मी दोन गाड्यांमागे तह केलाय. हार घरी पोचल्यावर देव्हाऱ्यात, आणि स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात. काचेवरचं पुसता येतं. ती म्हणते, देवीला चालतं, पण जरा मोठं काढू दे.