गरोदर मातेची मशेरी सोडवताना : नव्या आरोग्यसेविकांसाठी

उपकेंद्रात नव्याने रुजू होणाऱ्या आरोग्यसेविकांनी गरोदर मातेच्या नोंदणीच्या दिवशीच वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनच्या बरोबरीने तंबाखूची चौकशी करावी आणि ती पुढच्या प्रत्येक तपासणीत पुन्हा करावी. जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ सालची शिफारसही हीच आहे. आपल्या खेड्यापाड्यांत विडी ओढणारी गरोदर बाई क्वचित आढळते, मशेरी लावणाऱ्या मात्र पुष्कळ असतात. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली ही तंबाखू बोटाने दातांना चोळली जात असल्यामुळे बायका तिला दंतमंजनातच धरतात. म्हणून "तंबाखू खाता का?" असे न विचारता "दात कशाने घासता आणि दिवसातून किती वेळा?" असे विचारावे.

मशेरीतले निकोटिन हिरड्यांतून रक्तात उतरते, रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेतून बाळाला मिळणाऱ्या पोषणावर परिणाम होतो. मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि प्रसूतीही सुमारे सहा दिवस आधी झाली. हे आकडे आपल्याला ठाऊक असावेत, पण बोलण्याची सुरुवात त्यांनी करू नये, कारण घाबरलेली बाई पुढच्या खेपेस मशेरी सोडून येत नाही, लपवून येते.

माझ्या अनुभवात खरी अडचण बहुधा पोटाची असते. "ताई, सकाळी मशेरी लावल्याशिवाय मला साफ होतच नाही," हे वाक्य तुम्ही इतक्यांदा ऐकाल की पाठ होईल. गरोदरपणात बद्धकोष्ठता आधीच वाढलेली असते, त्यात लोहाच्या गोळ्यांची भर पडते. अशा वेळी नुसते "सोडा" म्हणणे तिच्यावर अन्यायाचे आहे. पहाटे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, रोजचे चालणे आणि गरज पडल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून औषध, अशी सोय आधी लावून द्यावी. लोहाची गोळी मात्र बंद होऊ देऊ नये. दात दुखतो म्हणून सवय जडली असेल, तर तिला दंतवैद्याकडे पाठवावे. दाताचे दुखणे अंगावर काढायला लावून मशेरी सुटत नाही.

पहिले काही दिवस चिडचिड होते, डोके दुखते. तलफ थोड्या वेळात ओसरते, तेवढा वेळ बडीशेप चघळावी किंवा हाताला काम घ्यावे, असे सांगावे. निकोटिनचे च्युइंगम आपण होऊन कधीही सुचवू नये, तो निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांचा आहे. १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून द्यावा.

घरी मशेरी भाजणारी बहुधा सासूच असते, म्हणून आशाताईंना सोबत घेऊन गृहभेट द्यावी. परंतु सुनेला सासूसमोर दोष देऊ नये, उलट नातवाच्या वजनाची काळजी घेण्यासाठी सासूलाच मदतीला घ्यावे. बाळंतपणासाठी माहेरी गेल्यावर, तिथल्या आयाबहिणींबरोबर बसून, सुटलेली मशेरी पुन्हा सुरू होण्याचा धोका मोठा असतो आणि निकोटिन आईच्या दुधातही उतरते. यासाठी ती निघण्यापूर्वीच माहेरच्या गावच्या आशाताईंना फोन करून हे सर्व सांगावे आणि प्रसूतीनंतरच्या भेटींत हाच प्रश्न पुन्हा विचारण्याची विनंती करावी.